स्वतः घेतलेला एचपीव्ही नमुना: काडी 'तिथपर्यंत' पोचलीच नसेल तर? (वय ६८)

धावदोरा

सरळ मुद्द्यावर येते. आडून आडून लिहायला बसले तर पाठवायचा धीर होणार नाही.

वय ६८. एकतीस वर्षं शिवणकाम शिकवलं, अजूनही मशीन रोज चालतं. पाळी जाऊन अठरा वर्षं झाली. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदाच केली, ५२व्या वर्षी, आणि तीही धड झाली नाही. ते चिमट्यासारखं यंत्र आत सरकवताना इतकं दुखलं की मी टेबलाची कड धरून उठून बसले. तपासणाऱ्या बाई 'सैल सोडा, सैल सोडा' म्हणत होत्या. असं ओरडून कुणी सैल होतं का? रिपोर्ट आला, 'नमुना अपुरा'. पुन्हा या म्हणाले. गेले नाही. सोळा वर्षं गेले नाही.

आता लेकीने एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीसाठी हे स्वतः नमुना घ्यायचं किट आणून हातात ठेवलं. म्हणाली, आई, कुणासमोर झोपायचं नाही, दार लाव आणि कर. पंधरा दिवस किट मशीनच्या खणात बॉबिनांशेजारी पडून होतं. मंगळवारी सकाळी एकदाचं केलं.

पत्रकातल्या चित्रात एक बाई एक पाय स्टुलावर ठेवून उभी आहे. माझे गुडघे त्या चित्राला हसले. मग पलंगावर डाव्या कुशीवर झोपून, वरचा पाय उशीवर टाकून केलं. काडी ५ सेंटीमीटर आत घालायची असं लिहिलंय आणि काडीवर खूणही आहे. पाच सेंटीमीटर मला डोळे मिटून कापता येतात, पण ते कापडावर. इथे चारच्या आसपास काडी अडल्यासारखी झाली, चरचरलं. थांबले, श्वास घेतला, थोडा कोन बदलला तशी सरकली. खुणेपर्यंत गेली का? 'बहुतेक' असंच म्हणेन. वीस आकडे मोजत फिरवली. बाहेर काढली तेव्हा टोकाला अगदी फिकट गुलाबी छटा होती. नळीत घातली, झाकण लावलं, नाव-तारीख लिहिली.

तेव्हापासून एकच किडा डोक्यात. गर्भाशयाचं तोंड तर त्याहून आत असतं ना? माझी काडी तिथे लागलीच नाही याची मला खात्री आहे. मग हा नमुना कशाचा? डॉक्टरीणबाई यंत्र घालून, दिवा लावून, नेमक्या जागेवरून घेत होत्या तरी 'अपुरा' आला. मी अंधारात, कुशीवर झोपून, अंदाजाने घेतलेला कसा पुरेल? पाकीट अजून दिलेलं नाही. द्यावं की नवीन किट मागावं?

आणि ती गुलाबी छटा? त्याचंही सांगा कुणीतरी.

जाता जाता अजून एक. माझी थोरली बहीण ७३ची. तिची पिशवी काढून पंचवीस वर्षं झाली. ती म्हणते, 'मला काय करायचंय, दुकानच बंद आहे.' बरोबर आहे का तिचं?

---

पंचावन्न_प्लस

६५ नंतर ही तपासणी करतच नाहीत असं वाचलं होतं. ६८व्या वर्षी उगीच जिवाला घोर कशाला लावून घ्यायचा? स्पष्ट बोलते, राग नसावा.

---

स्लाइडवाली

धावदोराताई, आधी तुमच्या किड्याचा बंदोबस्त करते. मी चोवीस वर्षं प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली हेच नमुने बघितले, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

तुमची शंका जुन्या तपासणीला अगदी लागू आहे. पॅपमध्ये (पॅपानिकोलाऊ नावाच्या डॉक्टरांवरून ते नाव पडलं) आम्ही पेशींचा चेहरा बघायचो. तो बघायचा तर पेशी गर्भाशयाच्या तोंडावरच्याच हव्यात. योनीच्या भिंतीवरच्या पेशी बघून तोंडाचं काही सांगता येत नाही. म्हणून ते यंत्र, तो दिवा, तो नेमकेपणा.

तुमच्या किटमध्ये पेशींचा चेहरा कुणी बघत नाही. त्यात विषाणूचा डीएनए शोधतात. या कॅन्सरच्या मुळाशी जवळजवळ नेहमी एचपीव्ही असतो. ते दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउजेन यांना २००८मध्ये नोबेल मिळालं. तोंडाशी विषाणू असेल तर तिथून सुटलेल्या पेशी आणि स्राव खाली योनीत येतातच. म्हणून काडी तोंडाला लागायची गरज नाही. काडी योनीत कुठवर घालायची ते कळावं म्हणून ती खूण असते. तुम्ही ज्याला चूक समजताय ती चूकच नाही.

नमुना भरतो का, हा दुसरा भाग. बऱ्याच चाचण्यांमध्ये विषाणूच्या बरोबरीने माणसाचा एक जनुकही तपासतात. तो सापडला नाही, तर काडीवर पेशी पुरेशा आल्याच नाहीत असं धरून निकाल 'अवैध' देतात आणि पुन्हा नमुना मागतात. म्हणजे कोरडी काडी गुपचूप 'निगेटिव्ह' होऊन बाहेर पडू नये याची सोय असते. तुम्ही चार-पाच सेंटीमीटर जाऊन वीस आकडे फिरवलीत. माझ्या मते पाकीट देऊन टाका. काडी जमिनीवर पडली असती किंवा नळीतलं द्रव सांडलं असतं, तर मी नवीन किट मागायला सांगितलं असतं.

विश्वास किती ठेवायचा? २०१८मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. चाचणी पीसीआर पद्धतीची, म्हणजे विषाणूच्या डीएनएच्या प्रती वाढवून ओळखणारी, असेल तर बाईने स्वतः घेतलेल्या नमुन्यातून कॅन्सरपूर्व बदल जवळपास तितकेच पकडले जातात, जितके डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्यातून. दुसऱ्या, सिग्नल वाढवून ओळखणाऱ्या जातीच्या चाचण्या मात्र स्वतः घेतलेल्या नमुन्यावर कमी पडल्या. म्हणून लेकीला एवढंच विचारायला सांगा की चाचणी पीसीआरची आहे ना.

गुलाबी छटा: पाळी गेल्यावर आतलं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, काडीने खरचटतं. फिकट डाग त्याच वेळी पडून थांबला असेल तर घाबरू नका. पण हे नीट वाचा. काडीशिवाय, आपोआप, पाळी गेल्यानंतर अंगावर लाल गेलं, एक थेंब का असेना, किंवा घाण वासाचं पाणी जायला लागलं, तर किटच्या निकालाची वाट बघायची नाही. थेट डॉक्टर. हे किट तक्रार नसलेल्या बाईसाठी आहे. वरून, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर एचपीव्हीने होत नाही, तो या चाचणीत दिसणारच नाही. निगेटिव्ह कागद हातात धरून लाल जाणं अंगावर काढलेल्या बायकांच्या स्लाइड मी पाहिल्यात.

---

स्लाइडवाली

पंचावन्न_प्लस, तुमचं अर्धं बरोबर आहे. ६५ला थांबा असं सांगणारे नियम आहेत, पण त्या वाक्याला एक शेपूट असतं आणि तेच गळून पडतं: 'आधीच्या तपासण्या वेळेवर झालेल्या आणि निगेटिव्ह असतील तर'. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वं तर ५० नंतरच थांबायला परवानगी देतात, पण लागोपाठ दोन निगेटिव्ह निकाल असतील तरच. जिची कधीच तपासणी झाली नाही अशा ५० ते ६५च्या बाईला उलट प्राधान्य द्या म्हणतात. डेन्मार्कने २०१७मध्ये १९४८पूर्वी जन्मलेल्या बायकांना, म्हणजे सत्तरीच्या उंबऱ्यावरच्या आणि पुढच्या, एकदा एचपीव्ही चाचणी देऊ केली होती. ऑस्ट्रेलियात ७४पर्यंत बोलावतात आणि जुलै २०२२पासून स्वतः नमुना घ्यायचा पर्याय सगळ्यांनाच आहे.

धावदोराताईंच्या खात्यावर किती निगेटिव्ह आहेत? शून्य. एक 'अपुरा' आहे, तो मोजायचा नसतो. विषाणू चिकटून राहिल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात, म्हणून पन्नाशीत चुकलेली तपासणी साठी-सत्तरीत समोर येते.

---

अर्धविराम

माझा पॉझिटिव्ह आला होता, म्हणून लिहिते. वय तेव्हा ६३.

निकालात लिहिलं होतं: विषाणूचा प्रकार १६ नाही, १८ नाही, 'इतर उच्च जोखमीचे प्रकार' आढळले. मी फक्त 'उच्च जोखमीचे' एवढंच वाचलं आणि रात्रभर जागी. कॅन्सर झाला, एवढाच अर्थ मी काढला होता. तो तसा नसतो. विषाणू आहे, आता नीट बघायला हवं, एवढंच. १६ आणि १८ हे दोन सगळ्यांत वाईट, जगातल्या अशा सुमारे ७० टक्के कॅन्सरमागे तेच असतात. त्यांपैकी एखादा निघाला तर सहसा थेट कोल्पोस्कोपीला, म्हणजे भिंगातून बघायला पाठवतात. माझ्यासारखीला आधी पेशींची तपासणी.

आणि इथे एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. किटमधला उरलेला नमुना त्यासाठी चालत नाही. पेशी बघायच्या तर त्या तोंडावरच्याच लागतात, वर स्लाइडवालीताईंनी सांगितलंय तसं. म्हणजे किटने टाळलेलं टेबल पॉझिटिव्ह आल्यावर पुन्हा समोर येतं. मी चिडले होते. मग हे घरी करायचं नाटक कशाला?

शिवाय घरात दुसरीच शांतता पसरली. लग्नाला ३९ वर्षं झाली होती. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो हे यांनी कुठेतरी वाचलं आणि चार दिवस आम्ही एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलत होतो. मी यांच्याकडे बघायची, हे माझ्याकडे. शेवटी डॉक्टरांसमोरच विचारलं. त्या म्हणाल्या, तो कधीचा आहे हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. वीस-तीस वर्षांपूर्वी आलेला दबून बसतो, वय वाढून प्रतिकारशक्ती ढिली पडली की पुन्हा दिसायला लागतो. बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी होतोच आणि बहुतेकांचा दोनेक वर्षांत आपोआप जातो. त्यावरून आज कुणावर बोट दाखवता येत नाही. आम्ही दोघं परत येताना रिक्षात एकदम हसलो, तेवढंच आठवतंय.

पहिल्या वेळी माझ्या पेशींचा निकाल धड लागला नाही. कोरडेपणामुळे. मग योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम काही आठवडे दिलं आणि पुन्हा बोलावलं. दुसऱ्या वेळी सगळ्यांत लहान मापाचं यंत्र वापरलं, भरपूर कोमट पाणी लावून, आणि मी विचारलं म्हणून कुशीवर झोपवून तपासलं. दुखलं नाही असं नाही म्हणणार. पण उठून बसावं असं दुखलं नाही. पेशी ठीक निघाल्या, वर्षाने पुन्हा एचपीव्ही करायला सांगितलं, तो निगेटिव्ह आला.

---

गप्प_नवरा

बायकोचा निकाल पॉझिटिव्ह आलाय, मीही तपासून घ्यावं का? विचारायला लाज वाटते म्हणून हे नाव घेतलंय.

---

स्लाइडवाली

गप्प_नवरा, लाजायचं काही नाही. पुरुषांसाठी अशी नेहमीची मान्य चाचणी नाही, त्यामुळे तुम्हाला कुठे जायचं नाहीये. तिच्याबरोबर पुढच्या तपासणीला जा आणि बाहेर बसा. तेही पुष्कळ आहे.

अर्धविरामताईंच्या पहिल्या नमुन्याबद्दल आमच्या बाजूने सांगते. पाळी गेल्यावर वरच्या मोठ्या, पसरट पेशी पिकतच नाहीत. स्लाइडवर येतात त्या खालच्या थरातल्या लहान, गोल पेशी, आकाराच्या मानाने मोठं केंद्रक असलेल्या. आणि बिघडलेली पेशी कशी दिसते? लहान, मोठं केंद्रक असलेली. त्यात भर म्हणून सुजेचा कचरा. एका स्लाइडवर अर्धा अर्धा तास घालवलाय मी आणि शेवटी शंकेचा शेरा मारलाय. क्रीम लावून परत आलेल्या त्याच बाईची स्लाइड लख्ख असायची.

---

धावदोरा

सगळ्यांचे आभार. पंचावन्न_प्लस, राग कसला, मीही लेकीला हेच ऐकवलं होतं.

आता खरी भीती लिहिते, कारण अर्धविरामने दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. पॉझिटिव्ह आला तर टेबल आहेच. मग मी सोळा वर्षं ज्याला भ्यायले तेच शेवटी पुढ्यात येणार असेल, तर पाकीट द्यावं तरी का? निकाल कळून मी गेलेच नाही तर? त्यापेक्षा न कळलेलं बरं नाही का? वेडगळ वाटेल, पण असंच वाटतंय.

---

स्लाइडवाली

वेडगळ नाही. पाकीट देण्याआधी हाच प्रश्न विचारायला हवा, आणि बहुतेक जणी तो निकाल आल्यावर विचारतात.

माझं उत्तर असं. तुमच्या वयाच्या बहुतेक बायकांचा निकाल निगेटिव्ह येतो. त्यांना टेबलावर चढावंच लागत नाही. सगळ्यांना टेबलावर चढवून थोड्या शोधण्यापेक्षा, आधी किट आणि मग ज्यांना गरज त्यांनाच टेबल, एवढा तो फरक. पण ज्यांना गरज आहे त्यांनी पुढे गेलंच नाही, तर किटचा उपयोग शून्य. विषाणू शोधल्याने कॅन्सर टळत नाही. बदल शोधून काढून टाकले तर टळतो.

आणि साठीपुढे ही पुढची पायरी जरा अवघडच असते, ते लपवत नाही. तुमच्या भाषेत सांगते. गर्भाशयाच्या तोंडावर दोन प्रकारची कातडी एकमेकींना जोडलेली असते आणि बिघाड सुरू होतो तो त्या जोडावर, शिवणीवर म्हणा. तरुण वयात ही शिवण बाहेरच्या बाजूला, डोळ्यांना दिसेल अशी असते. पाळी गेल्यावर ती हळूहळू आत दुमडली जाते, नळीच्या आत. म्हणून व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणी पाळी गेलेल्या बाईला भरवशाची नाही. भिंगातूनही कधी कधी अर्धीच शिवण दिसते. मग आतून खरवडून नमुना घेतात किंवा तोंडाचा छोटा भाग काढून तपासायला पाठवतात. कुणी 'काही दिसलं नाही' म्हणालं तर विचारायचं: दिसण्यासारखं सगळं दिसलं का, की शिवण आत होती? हा प्रश्न ऐकला की डॉक्टर खुर्चीत सरळ बसतात.

आत्ताच, पाकीट देण्याआधी, लेकीला एवढं ठरवायला सांगा की पॉझिटिव्ह आला तर कुठे जायचं. तिथे फोन करून आधीच सांगायचं: मागचा अनुभव वाईट आहे, गुडघे वर जात नाहीत, लहान यंत्र हवं, 'थांबा' म्हटलं की थांबायचं. जे हे ऐकून घेणार नाहीत त्यांच्याकडे जायचं नाही.

थोरल्या ताईंचं राहिलंच. 'पिशवी काढली' म्हणजे नेमकं काय काढलं? तोंडासकट सगळं काढलं असेल, आणि ते गाठी किंवा रक्तस्रावासारख्या साध्या कारणासाठी असेल, तर त्यांचं दुकान खरंच बंद. पण काही शस्त्रक्रियांत वरची पिशवी काढतात आणि तोंड ठेवतात. तसं असेल तर दुकान उघडं आहे, फक्त मालकिणीला पत्ता नाही. आणि शस्त्रक्रिया कॅन्सरपूर्व बदलांसाठीच झाली असेल तर तोंड काढलेलं असूनही पुढे तपासत राहावं लागतं. पंचवीस वर्षांपूर्वीचा डिस्चार्जचा कागद शोधा. नाही सापडला तर तपासून सांगता येतं.

---

अर्धविराम

न कळलेलं बरं, हे मीही म्हणाले होते. पण तसं तुम्हाला खरंच वाटत असतं तर तुम्ही मंगळवारी पलंगावर कुशीवर झोपून वीस आकडे मोजले नसते.

---

धावदोरा

नऊ दिवसांनी लिहितेय.

पाकीट त्याच संध्याकाळी दिलं. लेकीने दोन ठिकाणी फोन केले. पहिल्या ठिकाणी 'आजी, एवढं काही नसतं हो' असं ऐकवलं, तिने फोन ठेवला. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी गुडघ्यांचं लिहून घेतलं, कुशीवर तपासता येईल म्हणाल्या. तो नंबर मशीनवर चिकटवून ठेवलाय. चाचणी पीसीआरची आहे, तेही विचारलं.

निकाल अजून नाही. पण थोरलीचा कागद सापडला. लोखंडी कपाटात, जुन्या वीजबिलांच्या खाली, घडीवर फाटलेला. नातीने वाचून दाखवला. फायब्रॉइडसाठी गर्भाशय काढलं, गर्भाशयमुख ठेवलं, असं स्वच्छ लिहिलंय. पंचवीस वर्षं कागद घरात होता.

ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू मीच ते परत बसवलं. काल फोन आला. म्हणाली, 'ते किट घेऊन ये. आणि तू कुठल्या कुशीवर झोपली होतीस ते सांग, माझी डावी दुखते.' स्लाइडवालीताई, उजव्या कुशीवर चालेल ना?

---

स्लाइडवाली

चालेल. पाठीवर पडून, गुडघ्यांखाली लोड घेऊनही चालेल. अंग बाहेर येत असेल किंवा आत आधाराची रिंग बसवलेली असेल तर मात्र आधी विचारून घ्या.

---

धावदोरा

रिंग नाही. उद्या जातेय.